उडी मारणारा पिकू

आमच्या घरचा पहिला पिकू एका रविवारी पहाटे नाहीसा झाला. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी मी स्वतः काचेच्या पेटीतले चार मासे मोजले होते. सकाळी पाहतो तो तीन! पाणी जसेच्या तसे, काच शाबूत, आणि घरात मांजर नाही. धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, बाकीच्यांनी त्याला खाल्लं असेल." थोरलीने मत दिले की मोजण्यातच चूक झाली असावी. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे मत तिने जरा मुद्दामच मोठ्याने दिले. दुपारी केर काढताना पुस्तकांच्या कपाटाखालून केरसुणीबरोबर तो बाहेर आला. वाळून काटकीसारखा झालेला, आणि त्याच्याभोवती मुंग्यांची रांग. पेटीपासून ते कपाट चांगले चार हात दूर होते. म्हणजे हा मासा पेटीतून नुसता बाहेर पडला नव्हता, तर पडल्यावर अंधारात तडफडत, उसळ्या घेत तिथवर गेला होता.

ज्यांच्याकडून पेटी घेतली त्यांनी "झाकणाची काही गरज नाही, साहेब" असे सांगितले होते. पण त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ते सोनमासे विकणारे. सोनमासा सहसा उडी मारीत नाही. आणि पेटीत मी काय ठेवणार हे त्यांना मी कुठे सांगितले होते? चूक माझी होती. ज्या माशाचे सारे शरीर उडी मारण्यासाठी घडलेले आहे, त्याला मी बिनछपराच्या घरात ठेवले होते.

तर श्रोतेहो, आज ह्या पिकूविषयीच बोलावयाचे आहे. आरंभीच सांगून टाकतो की मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नव्हे, माझी एम. ए. ची पदवी वेगळ्या विषयाची. मासे हा माझा छंद. पण बारा-तेरा वर्षे एकच मासा पाळला, त्याच्याविषयी मिळेल ते वाचले आणि त्याच्याकडून पुष्कळ धडे घेतले, एवढ्या भांडवलावर हे बोलणे आहे.

पिकू तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल, फक्त नावाने ओळखला नसेल. कोकणातल्या आणि घाटाखालच्या विहिरींत, देवळाच्या तळ्यांत, भातखाचरांच्या कडेच्या पाटांत, ओढ्याच्या संथ डोहांत हा राहतो. खाली दक्षिणेतही हा पुष्कळ आढळतो. तुमच्या गावात त्याला दुसरे नाव असेल. लहानपणी आम्ही त्याला नुसते 'चांदणीवाला' म्हणत असू. विहिरीच्या काठावरून खाली वाकून पाहिले की पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याला चिकटून काही काटक्या स्थिर उभ्या दिसतात, आणि प्रत्येक काटकीच्या डोक्यावर एक चमकता ठिपका असतो. ही चांदणी म्हणजेच त्याची ओळख. काठावर सावली पडली की त्या काटक्या क्षणात नाहीशा होतात.

हातात घेऊन पाहिले तर हा मासा चार बोटांएवढा, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. क्वचित दहापर्यंत जातो. अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात आणि मागच्या भागावर काळसर उभे पट्टे. मादीचे पट्टे अधिक ठळक दिसतात. नराच्या अंगावर सोने जास्त, आणि पोटाखालचा मागचा पर लांब व टोकदार. व्हालांसिएन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ साली ह्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रथम छापले, आणि ते मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून. तेव्हा जगाच्या दृष्टीने हा मासा मुंबईचाच म्हणावयाचा! त्याचे शास्त्रीय नाव अॅप्लोकायलस लिनिअॅटस. लिनिअॅटस म्हणजे रेघांचा. युरोपातले शौकीन लोक शंभरावर वर्षे हा मासा हौसेने पाळीत आले आहेत. जर्मन लोक त्याला 'पट्ट्यांचा छोटा पाइक' म्हणतात, कारण पाइक नावाचा त्यांच्याकडचा जो शिकारी मासा, त्याच्याशी ह्याची अंगकाठी जुळते. आणि ज्या गावच्या विहिरीत तो फुकट पोहतो, तिथला माणूस शहरात येऊन परदेशी मासा विकत घेतो. असो.

आता त्याच्या अंगाची घडण नीट पाहू, कारण उडीचे रहस्य तिथेच आहे. इतर माशांची पाठ कमानीसारखी असते. पिकूची पाठ तोंडापासून जवळजवळ शेपटीपर्यंत सपाट, पाटीसारखी. तोंड वर वळलेले. त्याला खालचा घास घेणे अवघड, वरचा सोपा. पाठीवरचा पर इतरांना मध्यभागी असतो, ह्याला पार मागे, शेपटीपाशी. पोटाखालचा परही तसाच मागे. बाणाच्या मागच्या टोकाला पिसे बांधतात ना, तशी ही रचना. पिसे मागे असल्यामुळे बाण सरळ जातो. पर मागे असल्यामुळे मासा एका झटक्यात पुढे झेपावतो. हा मासा दिवसभर पोहत हिंडणारा नव्हे. तो दबा धरून बसतो आणि एकदाच झेपतो.

आता विचार करा. तळाशी राहणाऱ्या माशाला भीती वाटली तर तो कुठे जाईल? चिखलात, दगडाखाली. मधल्या पाण्यातला खाली जाईल. पण जो मासा पाण्याच्या छपराशी राहतो, त्याच्या अंगावर खालून मरळ किंवा पाणसाप धावून आला तर त्याला एकच वाट उरते, ती वरची. छप्पर फोडून तो हवेत जातो आणि हातभर पलीकडे पाण्यात पडतो. मरळ इकडे शोधीत बसते, मासा तिकडे. ओढ्यात ही युक्ती उत्तम आहे, कारण ओढा चारी बाजूंनी पसरलेला आहे. उडी कुठेही मारली तरी खाली पाणीच. काचेच्या पेटीत मात्र तीच युक्ती जिवावर बेतते. मासा तोच, बुद्धी तीच, उडीही तीच. फक्त खाली पाणी नाही, फरशी आहे.

उडीला भीती हे एकच कारण नसते. पाण्यावर घिरट्या घालणारा किडा पकडण्यासाठी तो उसळतो. दोन नर भांडले की हरलेला बाहेर उडतो. पाणी घाण झाले, दम लागू लागला, तरी वाट शोधीत उडतो. पण माझ्या अनुभवात सर्वांत घातक वेळा तीन. नव्या पेटीतली पहिली रात्र, हिच्यात निम्मे अपघात होतात. दुसरी, अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लावल्याची किंवा घालवल्याची वेळ. आणि तिसरी, चारा घालण्यासाठी तुम्ही झाकण उघडता ती. वरून हात आला म्हणजे माशाच्या लेखी तो खंड्या किंवा बगळाच. म्हणून हात वरून न आणता बाजूने, सावकाश आणावा.

आता पेटीकडे वळू. वर राहणाऱ्या माशाला खोली नको, लांबी-रुंदी हवी. म्हणून उंच बरणी किंवा गोल काचेचे भांडे त्याच्यासाठी निरुपयोगी. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच अशी पेटी एक नर आणि दोन-तीन माद्या यांना पुरते. नर एकच ठेवावा. पाणी काठोकाठ भरू नये. काठापासून चार बोटे मोकळी ठेवली की पाणी बावीस सेंटिमीटर खोल होते, म्हणजे सुमारे चाळीस लिटर. चाळीस लिटर पाण्याचे वजन चाळीस किलो, वर काच आणि वाळूचे आणखी. तेव्हा डुगडुगणाऱ्या तिवईवर ही पेटी ठेवू नये. खिडकीतल्या उन्हातही नको. ही चार बोटे मोकळी सोडण्याचा हेतू असा की उडी निघाली तरी तिचा पहिला जोर ह्या मोकळ्या जागेत सरावा आणि बऱ्याचदा मासा काचेला थडकून आतच पडावा.

पण खरी भिस्त झाकणावर. मी पुष्कळ प्रकार करून पाहिले. काचेचे झाकण दिसायला चांगले, परंतु जोरात आपटून माशाचे तोंड फुटते. पुठ्ठा ओला होऊन वाकतो आणि कोपऱ्यात फट पडते. शेवटी टिकले ते घरी केलेले झाकण: चार लाकडी पट्ट्यांची चौकट, पेटीच्या मापाची, आणि तिच्यावर खिडकीला लावतात ती नायलॉनची डासजाळी ताणून ठोकलेली. मासा तिच्यावर आपटला तर जाळी थोडी झुकते आणि त्याला अलगद परत पाठवते. हवा खेळती राहते. एका कोपऱ्यात दोन बोटांएवढे दार ठेवावे, चारा तिथून घालावा. वायर किंवा नळी आत जात असेल तर तिच्याभोवतीची फट स्पंजच्या तुकड्याने बुजवावी. "एवढ्याशा फटीतून कसला जातोय!" असे म्हणू नका. आमचा दुसरा पिकू अशाच फटीतून गेला. दिवसभर तो पेटीच्या त्याच कोपऱ्यात तोंड वर करून उभा असे, हे मला नंतर आठवले.

दुसरा उपाय झाकणाइतकाच महत्त्वाचा आहे; तो म्हणजे तरंगती झाडे. मुळे खाली लोंबणारी लहान पाणवनस्पती पाण्याच्या तिसऱ्या हिश्शावर पसरू द्यावी. ओढ्यातली हायड्रिलाही मुळाशिवाय सोडली की वरच तरंगते. डोक्यावर आडोसा असला की मासा स्वस्थ राहतो, आणि स्वस्थ मासा क्वचितच उडतो. जलपर्णी मात्र नको. ती जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आली आणि आपल्या किती नद्या-तळी तिने बुजवली हे सांगावयास नको. पेटी धुताना तिचा एक तुकडा नाल्यात गेला तरी पुरे.

पाण्याचे फार लाड करावे लागत नाहीत. विहिरीचे पाणी उत्तम. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते माशाच्या कल्ल्यांना भाजते. म्हणून ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, सगळे नको. बावीस ते अठ्ठावीस अंशांचे ऊन-थंड त्याला मानवते, म्हणजे आपल्या घरातली हवा बहुतेक दिवस चालते. घाटावर थंडीच्या दिवसांत पेटी आतल्या खोलीत घ्यावी. हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्र लागतेच असे नाही, आणि लावलेच तर मंद. पाणी सारखे खळखळत राहिले तर पिकू बेचैन होतो. का, ते पुढे सांगतो. ती ह्या माशाची सर्वांत नवलाची गोष्ट आहे.

अन्न म्हणजे किडे. डासांच्या अळ्या हे त्याचे पक्वान्न. पावसाळ्याच्या आरंभी दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे जमतात, त्या आठवड्यात तर त्याची दिवाळी. माशी, लहान नाकतोडा, कोळी, सारे चालते. फक्त औषध फवारून मारलेला किडा कधीही घालू नये. बाजारातला तरंगणारा कोरडा चारा तो हळूहळू शिकतो. बुडणारा चारा मात्र वाया जातो, कारण तळाचे उचलून खाणे त्याच्या तोंडाच्या घडणीत नाही. तो चारा खाली कुजतो आणि पाणी नासते. देवळाच्या तळ्यात टाकतो तसे चुरमुरे किंवा पोळीचे तुकडे पेटीत टाकू नयेत. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. आणि त्याच्या तोंडात मावेल एवढा लहान मासा सोबतीला ठेवला तर तो सोबती राहत नाही, जेवण होतो. आमच्याकडे पाहुण्यांनी मुलींना कौतुकाने दिलेले सहा गप्पी मासे तीन दिवसांत पाच, मग तीन, मग शून्य झाले. ह्या वेळी मोजण्यात चूक नव्हती.

आता ती नवलाची गोष्ट. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हा प्रयोग शाळेत करता येतो.

पाण्यावर एखादा किडा पडला की तो पाय झाडतो. त्यातून बारीक वर्तुळाकार लहरी निघतात, आपल्या डोळ्यांना दिसतील न दिसतील अशा. पिकू त्या लहरी डोक्याने 'ऐकतो'. त्याच्या सपाट डोक्यावर, नाकपुडीजवळ, डोळ्याच्या वर आणि डोळ्याच्या मागे अशा तीन पुंजक्यांत अतिशय नाजूक संवेदक असतात; एका बाजूला नऊ, दोन्ही मिळून अठरा. पाण्याची हालचाल त्यांना लागते. १९६५ साली श्वार्ट्झ ह्या जर्मन संशोधकाने ह्या आपल्या रेघांच्या माशावरच या विषयाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे तिकडच्या इतरांनी तो वाढवला. डोळ्यांनी काही दिसू दिले नाही तरीही हा मासा लहरीच्या उगमाकडे नेमका वळतो आणि नेमके तेवढेच अंतर पोहून जातो, हे त्यांनी दाखवले.

दिशा कशी कळते हे समजण्यासारखे आहे. लहर उजवीकडून आली तर उजवीकडचे संवेदक आधी हालतात, डावीकडचे किंचित मागाहून. आपल्या दोन कानांचेही असेच. पण अंतर कसे कळते? इथे निसर्गाची मोठी खुबी आहे. किड्याने केलेल्या खळबळीत बारीक, घाईच्या लहरी असतात आणि मोठ्या, सावकाश लहरीही असतात. ह्या बारीक लहरी पुढे धावतात, पण लवकर विरतात. तेव्हा जवळून आलेल्या लहरींच्या झुंडीत बारीक लहरी भरपूर, लांबून आलेलीत कमी. शिवाय जवळच्या वर्तुळाचा बाक तीव्र असतो, लांबच्याचा सपाट. बांगडीचा बाक आणि बैलगाडीच्या चाकाचा बाक यांत फरक असतो तसा. ह्या दोन्ही खुणा वाचून मासा क्षणार्धात हिशेब करतो. वाऱ्याने उठलेली किंवा पान पडून झालेली लहर बहुतांशी सावकाश जातीची असते, म्हणून तिला तो फसत नाही. आता लक्षात येईल की बुडबुड्यांचे यंत्र जोरात चालवणे म्हणजे ह्या माशाच्या कानाशी ढोल वाजवणे होय.

शाळेत असे करावे. पेटीतले पाणी स्थिर होऊ द्यावे, मुलांना टेबलाला हात लावू देऊ नये. झाकणाच्या दारातून खराट्याची एक लांब काडी आत सोडावी आणि माशाच्या मागच्या बाजूला, त्याला दिसणार नाही अशी, पाण्याला हलकेच टेकवून थरथरवावी. मासा गर्रकन वळतो. मग काडीच्या टोकाला खरोखरीचा किडा लावून तीच जागा दाखवावी. नाहीतर चार वेळा फसवल्यावर तो तुमच्याकडे लक्ष देईनासा होतो. वळायला किती वेळ लागला, किती कोनात वळला, जवळ आणि लांब टेकवल्यावर काय फरक पडला, हे मुलांनी वहीत लिहावे. गणिताच्या तासालाही ह्याचा उपयोग होईल. डोंगरातल्या एका शाळेत मी हा प्रयोग दाखवला तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, कोळीपण असंच करतो की! जाळं हाललं की धावतो." त्या मुलाने माझे सारे व्याख्यान एका वाक्यात केले.

पिकूची पैदासही पेटीत सहज होते. मादी एकदम सारी अंडी न घालता रोज थोडी थोडी, कित्येक दिवस घालते आणि ती बारीक पानांना किंवा लोंबत्या मुळांना चिकटवते. काळ्या किंवा गडद हिरव्या लोकरीचा गोंडा बुचाला बांधून तरंगत ठेवला तर ती त्यालाही फसते. अंडे मोहरीच्या दाण्याएवढे, स्वच्छ पारदर्शक आणि कवचाने इतके घट्ट की चिमटीत उचलता येते. ती अंडी त्याच पाण्याच्या वेगळ्या भांड्यात ठेवावी, कारण आईबाप पिलांना ओळखत नाहीत. हलले की खाल्ले. आठवड्याभराने भिंग लावून पाहा. आत दोन डोळे दिसतात, हृदय उडताना दिसते, रक्त वाहताना दिसते. सुमारे दहा ते चौदा दिवसांत पिले बाहेर येतात आणि येताच पृष्ठभागाशी जाऊन उभी राहतात. त्यांना साचलेल्या हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीव द्यावे, मग डबक्यातले बारीक जलकिडे. ती सारखी वाढत नाहीत, आणि मोठे लहानाला गिळते. म्हणून दर आठवड्याला आकाराप्रमाणे वेगळी करावी.

हे सगळे हौसेचे झाले. पण पिकूचा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. १९११ साली बेंटली ह्या डॉक्टरांनी मुंबईतल्या मलेरियाचा अहवाल दिला. हिवतापाचे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात हे त्यात आले होते. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमतर्फे सेवेल आणि चौधुरी यांची एक पुस्तिका निघाली, डासांचा नाश करण्यात उपयोगी ठरलेल्या भारतीय माशांवर. तीत पिकूच्या गोतावळ्यातले मासे आहेत. अळी श्वास घेण्यासाठी पाण्याच्या वर येते, आणि तिथेच हा पहारेकरी तोंड वर करून उभा असतो.

असे असता पुढे बाहेरचे मासे आले. गंबुशिया हा उत्तर अमेरिकेतला मासा १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणला गेला. गप्पी त्याच्याही आधीचा, दक्षिण अमेरिकेकडचा. अळ्या तेही खातात, हे कबूल. पण गंबुशिया दुसऱ्या माशांची अंडी-पिले खातो, त्यांचे पर कुरतडतो, आणि जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी परकी जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

माझ्या मामांच्या वाडीतल्या विहिरीत लहानपणी मी पिकू पाहिले ते सांगितलेच. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पंचा धरून ते पकडत असू. काही वर्षांनी कोणीतरी पिंपभर परके मासे त्या विहिरीत ओतले, आणि मी गेलो तेव्हा चांदणी एकही दिसली नाही. आता एक घटना दुसरीच्या मागून घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली असे नव्हे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो, आणि इथेही म्हणतो. त्याच काळात शेजारी कूपनलिका झाल्या, विहीर उन्हाळ्यात तळ दाखवू लागली, वरच्या बागेत फवारणी सुरू झाली. पिकूला कशाने घालवले ते त्या एका विहिरीवरून ठरणार नाही. पण मामा म्हणाले, "अरे, इथं बसून माणूस तासन् तास त्यांच्याकडे बघत राही," ते मला विसरवत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की गावच्या हौदासाठी किंवा गुरांच्या डोणीसाठी मासा हवा असेल तर आधी गावच्याच ओढ्यात पाहावे. पाळण्यासाठी तीन-चार पुरेत. टोपलीभर पकडू नये, आणि विहीर दुसऱ्याची असेल तर विचारून. पेटीतले मासे, मग ते कोणतेही असोत, नकोसे झाले म्हणून विहिरीत किंवा नदीत सोडू नयेत. आणि पिण्याच्या पाण्याची पिंपे घट्ट झाकून, आठवड्यातून एक दिवस रिकामी करून कोरडी ठेवावी. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात होतो, आणि ते काम माशावर ढकलता येण्यासारखे नाही.

एक सांगावयाचे राहिले. इतके करूनही एखाद्या दिवशी मासा बाहेर सापडेलच. तेव्हा तो मेला असे धरून चालू नये. ह्या जातीच्या माशांत अंग ओले असेपर्यंत धुगधुगी राहते. कोरड्या हाताने उचलू नका, तो अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हात भिजवून किंवा ओल्या पानावर घेऊन पेटीतल्याच पाण्याच्या पसरट भांड्यात सोडा, वर जाळी टाका, आणि खोली अंधारी करून तासभर सोडून द्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी धाकटीला चपलांच्या खणाजवळ एक सापडला, धुळीने माखलेला, निपचित. मी म्हटले, "राहू दे बाळ, गेला तो." तिने ऐकले नाही. भांड्यात तो बराच वेळ कुशीवर पडून होता. जेवणे आटोपून पाहतो तो वर, पाण्याच्या छपराशी, सरळ उभा. आणि डोक्यावरची चांदणी बरोबर दिव्याखाली.